चटईवरचा शड्डू

मंगळवार, संध्याकाळ. माधवनगर

शड्डू ठोकला आणि सगळं बदललं. योगाच्या क्लासचा तो पहिला दिवस. चटईवर पाय ठेवला आणि कोरेगावच्या तालमीतल्या सवयीनं हात आपोआप मांडीवर बसला, फाट्! शेजारच्या चटईवर मृणाल, माझी कॉलेजातली मैत्रीण, हसली. मी मारामारी करून कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"आधी राग आवर, मग बोल माझ्याशी," हे तिचंच म्हणणं. म्हणून तर हा क्लास, आसनांचं पुस्तक, आणि हा निळा पट्टा. पट्टा तिचा. वाकून पाय धरता येईना, तेव्हा तिनं न बोलता पुढं सरकवला होता.

आज सकाळी क्लासच्या बाई म्हणाल्या, "अहो पैलवान, आसनाशी कुस्ती नको. श्वास सोडा." मागं कुणीतरी खिदळलं. एरवी कॉलर धरली असती. पट्टाच घट्ट धरला, श्वास सोडला. मृणालनं बघितलं असेल का?

बघितलं. क्लास सुटल्यावर स्वतःहून बोलली. पण काय, तर "नोकरी लागली रे. संध्याकाळी सातच्या गाडीनं पुण्याला चाललेय. पट्टा राहू दे तुला."

दिवसभर धुमसतोय. कुणावर? तिनं काय वाईट केलं?

स्टँडवर जातो. थांब म्हणायचं नाही, भांडायचं नाही. नीट जा, एवढंच म्हणायचं. जमेल? पट्टा खिशात घेतलाय.

घरमालकीण काकू रोज ओरडतात, "आरं, दार हाय का ढोल?" आज त्यांना ऐकूसुद्धा येणार नाही, असं हळू लावून निघतो.