पहिली कुदळ बांधावर पडली

सर,

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची मुलंही आता म्हातारी झाली असतील. मी तर झालोच. पण परवा सुनेनं एक प्रश्न विचारला आणि तो जुना राग दूध उतू जावं तसा वर आला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. जमिनीच्या पोटात काय आहे ते वरून ओळखायचं शास्त्र बुलढाण्याला आपल्या कॉलेजात कुणी शिकवत नव्हतं. ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. ते मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं आणि तुमच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत येऊन म्हणालो, मला हे आमच्या वावरात करून पाहायचंय. अभ्यासक्रमात नव्हतं, त्याला मार्कही नव्हते. तुम्ही हसला नाहीत. कपाटातला विजेचा दाब मोजायचा मीटर काढलात, स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळलात आणि म्हणालात, "एसटीत मांडीवरच ठेव. खाली ठेवलास तर तोंड दाखवू नकोस." आमच्या गावापर्यंत, उंद्रीपर्यंत, तो मीटर मी तान्ह्या लेकरासारखा नेला. म्हणून तर जास्त लागतं, सर. ज्यानं कधी काही दिलंच नाही, त्याच्यावर कोण रुसतं?

आमच्या भाजीपाल्याच्या वावरात लोखंडाच्या चार सळया मी एका ओळीत ठोकल्या. बाहेरच्या दोन सळयांतून बॅटरीची वीज जमिनीत सोडायची आणि आतल्या दोघींमध्ये किती दाब येतो ते मीटरवर पाहायचं. ओल असेल तिथं वीज सहज जाते, कोरडा काळा पाषाण असेल तिथं अडते. सळया एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं खोलातलं कळतं. जास्तीची जमीन सरकार काढून घेईल या धास्तीनं शेजारचा काका बांधावरून ओरडत आला, "काय बे, सीलिंगवाल्यायले आमचं वावर मोजून देऊन राह्यला का?" त्याला चहा पाजला तेव्हा कुठं थंडावला. आईनं तर वावरात नवं लोखंड आलं म्हणून चारी सळयांना हळदकुंकू लावलं. सगळं वावर पालथं घातल्यावर एकच जागा मनात भरली. पश्चिमेकडच्या बाभळीखालची.

मग तुम्ही स्वतः आलात. डोक्यावर ऊन घेऊन एकेक सळई पुन्हा ठोकून घेतलीत. काळी माती फसवते, ती कोरडी दिसली तरी वीज वाहून नेते, म्हणून सळया लांब लांब नेऊन पुन्हा मोजायला लावलंत. तेच आलं. तुम्ही मान वर करून म्हणालात, "बरोबर आहे." हे मी या कानांनी ऐकलंय. आज जाब विचारतोय तो त्याच शब्दाच्या जोरावर.

बाबांना नवी विहीर खणायचीच होती. जुनीला उन्हाळ्यात तळ दिसायचा आणि वांगी उभी वाळायची. माझा मामा पाणाड्या, तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. त्याचा नारळ उभा राहिला पूर्वेच्या बांधावर. त्याच दुपारी जेवायला बसलो तर मामा ठेच्यावर तेल ओतत म्हणतो, "भाच्या, तुह्या डब्बीले तहान लागते का रे?" सगळी पंगत हसली. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. मी तुमच्याकडे बघतो, तर तुम्ही भाकरीकडे बघताय.

जेवणं झाली आणि बाबांनी कुदळ धुऊन, कुंकू लावून तुमच्या हाती दिली. "सर, मी अडानी मानूस. मले दोघंबी घरचेच. पहिली कुदळ पाव्हन्याच्या हातची. तुमी माराल तिथं खंदतो."

तुम्ही उठलात. बाभळीखाली माझ्या सळया अजून रोवलेल्या होत्या, आईचं कुंकू त्यांच्यावर. त्यांच्याजवळून तुम्ही सरळ चालत गेलात आणि पूर्वेच्या बांधावर कुदळ मारलीत. मामानं नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्याही हातावर ठेवला गेला आणि तो मला खावा लागला.

तुम्हाला एसटीवर सोडायला आलो तेव्हा म्हणालात, "अरे, प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. तुझ्या बापाला पुन्हा विहीर खणता येईल का?" मी मफलरमध्ये गुंडाळलेला मीटर तुमच्या मांडीवर ठेवला आणि एसटीतून उतरलो. आज बोलतो. मामाच्या नारळाला हा प्रश्न का नाही विचारलात? नारळ चुकला असता तर बाबांची विहीर फुकटात झाली असती का? स्वतः तपासलेलं, स्वतः बरोबर म्हटलेलं काम ओलांडून तुम्ही गेलात कसे? नारळ चुकला तर देवाची मर्जी आणि माझी सळई चुकली तर पोराचा शहाणपणा, गावाचा हा हिशेब मला कळत होता. पण तुम्हीही त्याच हिशेबानं चालावं?

बांधावर पाणी लागलं. चैतापर्यंत पुरेल इतपत. मामाला फेटा मिळाला. मी चुकलो असं कुणीच म्हटलं नाही, कारण बाभळीखाली कुणी खणलंच नाही. हरलो असतो तर सोसलं असतं, सर. तुम्ही मला आखाड्यातच उतरू दिलं नाहीत. पुढे जमिनीबद्दल जे शिकलो ते एकट्यानं, पुस्तकं मागवून, आणि दुसऱ्यांच्या वावरात कितीतरी जागा दाखवल्या. काही लागल्या, काही कोरड्या गेल्या. त्या कोरड्यांनीही मला काही ना काही शिकवलं. आमच्या बाभळीनं मात्र अजून तोंड उघडलेलं नाही.

परवा शेजारी बोअरची गाडी आली. शेती आता सूनच पाहते. ती म्हणाली, "बाबा, बांधावरची विहीर आटत चालली. गाडी दारात हाये, तुमची ते जागा दाखवा ना मले." मी गेलो. बाभूळ कधीच तोडली गेली, पण जागा पायांना ठाऊक आहे. तिथं उभा राहिलो. गाडीवाला विचारतो, "काका, मारू का इथं?" या खेपेला अडवायला तुम्ही नव्हतात. पण तुमचाच प्रश्न मनात आला: कोरडं गेलं तर सुनेला पुन्हा बोअर मारता येईल का?

मी म्हणालो, "राहू दे, उद्या पाहू." सून अजून विचारतेय, काऊन, का नाही मारलं. तुम्हाला जाब विचारायला बसलो होतो, सर. आणि बघा, बाबांसारखी कुदळ धुऊन पुन्हा तुमच्याच हाती द्यायला निघालो.