कीर्तीच्या रक्तांत नसलेली कडी

५ ऑगस्ट, मंगळवार

खोट म्हणे! माझ्या कीर्तीच्या रक्तांत खोट! आणि बोलणारी कोण — सुब्बलक्ष्मी, माझ्या सख्ख्या भावाची, स्वामीनाथ अण्णाची बायको. तिरुविडैमरुदूराहून फोन करून सांगते, "सरोजा, साईकुमारचं लग्न आतां नको. तुझ्या पोरीच्या रक्तांत कांहींतरी कमी आहे म्हणे."

कीर्ति जन्मली तेव्हांच मामाच्या साईकुमारची ठरली. मामाचा मुलगा असतां आमच्यांत बाहेर कोण बघतं? आडीचा महिना संपत आला, आवणी लागली कीं तांबूल बदलून लग्न पक्कं करायचं, तर आतां हें!

रक्ताचं मीच सांगितलं होतं वैनीला, कौतुकानं! चेन्नईला कीर्तीच्या हॉस्टेलांत एकेक पोर मलेरियानं आडवी पडली, हिला कांहीं नाही. डॉक्टरणीला नवल वाटलं, तिनं रक्त तपासलं. त्यांत खोट कुठली आली?

६ ऑगस्ट

रागांत दुकानाचं इडलीचं पीठ जास्त आंबलं. गिऱ्हाइकं बोलली. मीही बोलले.

९ ऑगस्ट, शनिवार

त्या डॉक्टरणीलाच फोन लावला. पुस्तकांतलं नको, मला कळेल असं सांगा म्हटलं. बाई हसली. म्हणाली, रक्तांतल्या तांबड्या पेशींच्या अंगावर बाहेरून प्रथिनं असतात. त्यांतलं एक धरूनच एका जातीच्या मलेरियाचा जंतु आंत शिरतो. "दाराची कडी समजा, अम्मा. कीर्तीच्या पेशींवर ती कडीच नाही."

"मग रक्ताचं काम?"

"नीट चालतं."

"पोरंबाळं?"

"होतील की! कां नाही होणार?"

वर दम दिला — दुसऱ्या जातीचा मलेरिया हिलाही होऊं शकतो, मच्छरदाणी सोडूं नका. आणि एक गोष्ट मी परत विचारून घेतली: आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच असं होतं.

म्हणजे अर्धं माझं! माझं म्हणजे आमच्या अम्मा-अप्पांचं. मग माझा भाऊ कुठला? चोळपुरमच्या बाजारांतून विकत आणला?

११ ऑगस्ट, सोमवार

दुकान बंद ठेवून तिरुविडैमरुदूरची बस धरली. स्वामीनाथ अण्णा पेपर वाचत बसलेला.

"अण्णा, ऊठ. रक्त तपासून घे."

"मला काय झालंय?"

"तेंच बघायचं! माझ्या पोरीची खोट तुझ्यांतही निघेल. मग काय, वैनी तुला सोडून माहेरीं जाईल?"

सुब्बलक्ष्मी आंतून, "माझ्या माहेरीं असलं कांहीं नाही हो!"

"तुझ्या माहेरीं मच्छरसुद्धा जात नाहीत. काप्पी देखील विचारत नाहीत तिथं!"

अण्णा पेपराआड हसला. मीं पाहिलं. साईकुमार मान खालीं घालून मोबाइल बघत होता. ह्याच्यासाठीं भांडतेय मी! काप्पी न घेतां उठले.

१३ ऑगस्ट, बुधवार

अण्णाचा फोन. "सरोजा, तुझ्या तोंडीं कोण लागणार? डॉक्टरणीशीं मीं पण बोललों. रविवारीं आवणी लागते. तांबूल घेऊन येतों."

"वैनी?"

"ती पण येते. तोंड फुगवून येते, पण येते."

यायलाच पाहिजे! कीर्तीला फोनवर नाही सांगितलं. सुट्टीला येतेय, तेव्हां सांगीन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं. कीर्तीच्या हातांतली पिशवी खालींच पडली. "अम्मा, मामीला मींच फोन केला होता. खोट आहे, पोरांना पण येईल, असं मींच म्हटलं. मला साई नको." खोटं बोलली! आपल्याच रक्ताला नांव ठेवलं! मी ओरडले — मला सांगायला काय झालं होतं? "तूं कधीं विचारलंस?" म्हणते.

मग विचारलं. साई नको, कां लग्नच नको, कां दुसरा कोणी आहे? उद्यां शनिवार, सांजेचा दिवा लावायच्या आंत सांग! परवां अण्णा तांबूल घेऊन दारांत उभा राहील. त्याला परत मी धाडीन — पण कशासाठीं, तें मला तुझ्या तोंडून पाहिजे.