टीव्हीला चाळीस, मला अर्धा

२४ डिसेंबर, बुधवार
सोमवारच्या पानावर लिहिलं, शेजारची सोजरबाई आपलं वायफाय चोरते. खोटं! तिचा फोन बटनांचा आहे. आज जाऊन माफी मागितली. "काय चोरलं म्हन्ते माय मी?" वायफाय म्हणजे काय तेच तिला माहीत नाही. म्हणजे माफी अजून बाकीच.

२५ डिसेंबर, गुरुवार
संध्याकाळी सातचा ऑनलाइन वर्ग. सरांचा चेहरा चौकोन-चौकोन, फळा म्हणजे धुकं. सर तोंड उघडतात आणि तसेच राहतात. शिक्षक परीक्षेला एकवीस दिवस! घरातली पहिली बी.ए. मी, आणि बालमानसशास्त्र अंदाजाने शिकते आहे.

दादाला सांगितलं. धम्मदीपदादाचं गुडीहत्नूरला टायरचं दुकान. दहावीला दोनदा थांबला, पण वायफाय त्याच्या नावावर, म्हणून घरातला इंजिनिअरही तोच! निदान: "आईनं त्या वायफायच्या डब्यावर रुमाल टाकला ना, हवा कोंडून राह्यली." रुमाल काढला. वेग मोजला. जैसे थे.

२६ डिसेंबर, शुक्रवार
वर्गाच्या वेळी दादा टीव्हीवर कुस्ती पाहत होता. पैलवानाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता! तेच वायफाय. मी फोन टीव्हीला चिकटवून धरला. चौकोनच.
"काऊन आडवी येऊन राह्यली?"
मग नवं निदान: "तुह्या फोनात पाणी गेलं असंन." फोन गेल्या महिन्यात घेतलाय.

२७ डिसेंबर, शनिवार
३ जानेवारीला विहारात सावित्रीमाईंची जयंती. दादा समितीचा अध्यक्ष. विषय — मुलींचं शिक्षण. बोलणार तो, लिहायचं मी! "एखादा आकडा टाक त्याच्यात. आकडा असला का लोकं टाळ्या वाजवतेत." शेवटी आभारही मीच मानायचे.

२९ डिसेंबर, सोमवार
दादा दुकानात असताना वायफाय कंपनीच्या राजकुमारला बोलावलं. त्याने राउटरची यादी उघडली. प्रत्येक यंत्राचं नाव, पुढे त्याला किती वेग द्यायचा ते. टीव्ही — चाळीस एमबी. धम्मदीप — चाळीस. साक्षी — अर्धा.
हे कोणी केलं?
"भैया ने बोला था मैडम, लगाते टाइम. बहन का कम रखो, बिगड़ जाती." माझ्याकडे न पाहता वायर गुंडाळत होता. काढून टाका म्हटलं, तर "कनेक्शन भैया के नाम पे है."
यादी तीनदा वाचली. उगाच आळ नको — सोजरबाईचं एकदा झालंय. फोटो काढून ठेवला.

३० डिसेंबर, मंगळवार
दादाला सरळ विचारलं. तो जराही ओशाळला नाही. "तुह्या भल्यासाठीच केलं. रिकामे व्हिडिओ पाहून पोरी हातच्या जातेत. भाषन झालं का लिहून?"
वर्ग आहे म्हटलं, परीक्षा आहे म्हटलं. "लग्न झाल्यावर दे परीक्षा."
आई म्हणाली, "मोठा हाय, जाऊ दे. घरातलं चारचौघात नको नेऊ."
आज सर पाठ फिरवून थिजले. पूर्ण तास पाठ.

३१ डिसेंबर, बुधवार
भाषण दिलं. दादा खूश. "पन आकडा कुठं हाय?" म्हटलं, आहे, तो आभारात शोभेल. यादीच्या फोटोची छापील प्रत आभाराच्या कागदासोबत वहीत ठेवली आहे.
आभार: शनिवार, ३ जानेवारी, सकाळी साडेदहा.