बियाणेवाल्याचा फोन

माय,

'दरवाजा नीट लोटून घ्या हो, मले इथं आयकू येते,' असं तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचीस. बाबा गेल्यावर धाड गावच्या बसस्टँडजवळ तुला मिळालेल्या त्या एसटीडी बूथची केबिन म्हणजे प्लायवूडची उभी पेटीच होती. तिचा दरवाजा पावसाळ्यात फुगायचा, उन्हाळ्यात आखडायचा, नीट कधी बसलाच नाही. त्यात लोक असे ओरडून बोलायचे, की फोन नसता तरी सुरतेला ऐकू गेलं असतं. मग तू काउंटरवरचा ट्रान्झिस्टर मोठा करायचीस. भजन असो, बातम्या असोत, कापसाचे भाव असोत. एकदा बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्यानं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. 'ओ बाई, तो रेडू बंद करा ना, जावायाचं आयकू येऊन नाही राह्यलं.' तू म्हणालीस, 'तुमाले जावायाचं नाही आयकू आलं तरी चालते, मले तुमचं नाही आयकू आलं पाह्यजे.' सगळे हसले. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत तुझ्याजवळ येऊन बसायची. मीही हसले.

आता मी पुण्यात एका कंपनीत आहे. लोक ज्या ॲपवर एकमेकांना निरोप आणि फोटो पाठवतात, त्याचीच ही कंपनी. पोलीस तिच्याकडे लोकांची माहिती मागतात आणि त्या मागण्या वाचणाऱ्यांत मी आहे. मागणारा अधिकारी खरोखर त्या ठाण्यातला आहे का, कोणत्या कलमाखाली मागतो आहे, जिथं कोर्टाचा आदेश लागतो तिथं तो जोडला आहे का, हे आम्ही पाहतो. 'सदर इसमाची सर्व माहिती पुरवावी' असं आलं की परत पाठवतो. कोणती माहिती, कोणत्या दिवसांची, कशासाठी? त्यांनी नीट लिहून पाठवलं की तेवढीच देतो, जास्तीची नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळवलं, तर आदेशासाठी अडून बसत नाही. तिथं लिहिलेलं कारण वाचून आम्हालाच ठरवावं लागतं. हे काम कसलं, असं कोणी विचारलं की मला तू आठवतेस, आणि तुझ्यामागोमाग तो बियाणेवाला.

बीटी कापसाचं नाव आपल्याकडे नुकतंच घरोघर झालं होतं. तो गावोगाव फिरून बिगर बिलाचं, बिगर नावाच्या पाकिटातलं बियाणं विकायचा. फसवणारा माणूस नव्हता. स्वतःच्या सासऱ्यालाही त्यानं तेच दिलं होतं. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी छातीएवढी वाढली, पण बोंडं धरली नाहीत. ज्या ओट्यांवर त्याला चहा मिळायचा, तिथून लोक त्याला शिव्या देऊन उठवायला लागले. दोन-तीन बियाणेवाल्यांना पोलिसांनी उचललं, एकाला तर लोकांनी भर चौकात मारलं. हा बियाणेवाला एके संध्याकाळी बूथवर आला तेव्हा मी समोरच्या नळावर पाणी भरत होते. दारातून त्याची पाठ दिसत होती. तो ओरडून बोलत नव्हता. ट्रान्झिस्टरचे सेल उतरलेले होते, म्हणून तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. तो बाहेर आला तेव्हा तू म्हणालीस, 'बसा, च्या मांडते.' तो म्हणाला, 'नाही ताई, गाडी लागली.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्यातून जमादार आला. 'त्यानं कुठं फोन लावला होता?'

'पावती त्यानं नेली.'

'तुमच्या ध्यानात असंल ना, वयनी.'

'माह्या ध्यानात काऊन राहीन? मी काय मशीन हाओ?'

'मंग मशीनमंधी पाहा.'

'मशीन टेलिफोन खात्याचं. त्याइले विचारा.'

तो कशासाठी विचारतोय हे त्यानं सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. तुला वाटलं, आणखी एकाला धरून न्यायला आला आहे. माझीही तीच समजूत होती. जमादार गेल्यावर तू मला म्हणालीस, 'आपल्यापायी कोणी धरल्या जाऊ नये.' खरं म्हणजे बियाणेवाल्याची बायको रात्रभर ठाण्यात बसून होती. माणूस सापडत नाही, त्याचं लक्षण ठीक नाही, असं तिनंच सांगितलं होतं. टेलिफोन खात्याकडून नंबर येईपर्यंत उशीर झाला. फोन जळगाव जामोदला बहिणीकडे लावलेला होता. तो सापडला तिच्याच गावाजवळ, डोंगराच्या पायथ्याला, पण जिवंत नाही.

तू मला घेऊन त्याच्या घरी गेलीस. त्याच्या बायकोनं तुझा हात धरला. 'ताई, थे काय बोलले होते? तुमी होत्या ना तिथं.' मी तुझ्याकडे पाहिलं. केबिनमधलं बोलणं तू कधी माझ्याजवळही काढलं नव्हतंस. तू म्हणालीस, 'पोरीइचं पुसत होते. जेवल्या का म्हणून.' ती मोठ्यानं रडली, मग जरा शांत झाली. हे खरं होतं की तू त्या घडीला रचलं होतंस, मला कळलं नाही. त्यानंतर बूथ होता तोवर ट्रान्झिस्टर कधी बंद राहिला नाही, आणि तू स्वतः मात्र अगदी कमी बोलायला लागलीस.

मागच्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातून तातडीची मागणी आली. एक तरुण, पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचे व्हिडिओ टाकणारा. चोरबीटी, म्हणजे बंदी असलेलं बियाणं, पेरणाऱ्यांवर गुन्हे नोंदवू नका म्हणून लोकांना तहसीलवर बोलावणारा. घरी निरोपाचा संदेश टाकून निघून गेला आहे, ठिकाण कळवावे, असं लिहिलं होतं. अशा माणसाला शोधायची दोन कारणं असू शकतात, वाचवायला किंवा धरून न्यायला. मी ठाण्याचा नंबर स्वतः शोधून फोन लावला.

'तो संदेश कोणी पाहिला?'

'त्याच्या मायनं. हे काय, माह्यासमोर बसेल हाये. देऊ का फोन?'

'नाही, तसं चालत नाही.'

मागून बाईचा आवाज आला, 'काय म्हणते थे? सांगते का नाही सांगत?'

'मॅडम, आयकता ना?'

'हाव, ऐकते,' माझ्या तोंडून निघून गेलं.

'तुमी आमच्याच इकडच्या दिसता. कुठच्या हो?'

मी फोन ठेवला. तो तरुण शेवटी कुठं होता तेवढं कळवलं. त्याचे निरोप दिले नाहीत.

पुढं काय झालं, हे आम्हाला कोणी कळवत नाही. तो घरी आला की कोठडीत आहे, की आणखी काही. त्याच्या नावावर नवा व्हिडिओ आलेला नाही, हे मी रोज पाहते. पाहू नये, तरी पाहते. त्या बाईचा आवाज खरा होता, एवढंच माझ्याजवळ आहे. तेवढ्यावर मी एका माणसाचा ठावठिकाणा दिला. तुझ्याजवळ तर त्याहून जास्त होतं, माय, तू त्याला समोर पाहिलं होतंस, आणि तू नंबर दिला नाहीस. मी तुला दोष देत नाही. जमादारानं कारण सांगितलं असतं तर तू नंबर दिला असतास, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

पण तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस तेव्हा तुला काय ऐकू आलं, हे मला ठाऊक नाही. तो पोरींचंच विचारत होता का? की दुसरं काही बोलला, आणि ते ऐकूनच तू त्याला बसा म्हणालीस? मला सांग. तू आधी कारण विचारशील, आणि तुला पटेल असं कारण माझ्याकडे नाही. मला नुसतं ऐकायचं आहे. अशी मागणी माझ्याकडे आली असती तर मीही परत पाठवली असती. तरी सांग.