विटांवर उभ्या असलेल्या गाडीच्या आठ चाकांबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
वाहन तपासणी व परवाना कचेरी,
कफ्र अल-नव्वार.

अर्जदार: शौकी अब्दुल-बाकी झगलूल, निवृत्त वरिष्ठ कारकून, कालवे खाते, राहणार गिरणी गल्ली, कफ्र अल-नव्वार.

विषय: आपल्या आवारात विटांवर उभ्या असलेल्या गाडीस येत्या गुरुवारी सायंकाळी सहापूर्वी चार चाके मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कचेरीचे तपासणी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, दि. १२ ऑक्टोबर.
२) त्याच गाडीच्या चाकांची जप्तीची पावती, तीच तारीख, अर्ध्या तासानंतरची.
३) खिडकी क्र. तीन व पाच यांचा "उद्या या" हा तोंडी आदेश, आजपर्यंत चार वेळा.

महोदय,

अर्जदार एकतीस वर्षे कालवे खात्यात नोकरी करून निवृत्त झाला असून सरकारी कामास वेळ लागतो हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तो वेळ लावण्याचे काम त्याने स्वतःही निष्ठेने केले आहे. तथापि त्याच्या मुलीचे, नशवाचे, लग्न परवा गुरुवारी आहे आणि नवऱ्या मुलाकडे गाडी नाही. वरातीत वधूवरांना स्वतःच्या गाडीतून नेण्याचा शब्द अर्जदाराने साखरपुड्याच्या बैठकीत सर्वांसमक्ष दिला. त्यावर मुलाचे काका हाज बेदीर शरबताचा पेला खाली ठेवून म्हणाले, "उस्ताद शौकी, तुमची गाडी वरातीच्या पुढे चालणार, की तिला ओढायला तिच्यापुढे आणखी एक गाडी लागणार?" सगळी बैठक हसली. अर्जदारही हसला, कारण मुलीच्या बापाला हसावे लागते.

गाडी बावीस वर्षांची आहे हे खरे. पांढरी आहे, चालते, आणि मागच्या बंपरला नजर लागू नये म्हणून नशवाचा लहानपणीचा बूट टांगलेला आहे. परंतु हाज बेदीर यांचे बोलणे अर्जदाराच्या जिव्हारी लागले. शुक्रवारच्या बाजारात जाऊन त्याने अलॉयची चार चाके आणली. ही चाके ज्या मोठ्या गाडीची आहेत तिला आपल्याकडे सर्व लोक 'मगर' म्हणतात. मगरीच्या चाकाचे मधले भोक अर्जदाराच्या गाडीला मोठे होत होते, म्हणून वहीब लेथवाल्याने मधल्या जागेत बसणाऱ्या चार रिंगा घडवून दिल्या आणि मजुरीपोटी जुनी चाके घेऊन विकून टाकली. त्यानंतर चाके अशी बसली की गाडी जन्मली तीच त्यांच्यावर. नशवाने प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, दृष्ट परतवणारा, बारीक निळा डोळा रंगवला आणि म्हणाली, "बाबा, आता गाडी नवऱ्यापेक्षा बरी दिसतेय." अर्जदाराला हे सांगताना संकोच वाटतो, पण त्या दिवशी तो गल्लीतून तीन वेळा विनाकारण गाडी घेऊन गेला.

परवान्याची मुदत संपत आल्याने अर्जदार रविवारी गाडी तपासणीस घेऊन आला. आपण तीन आठवड्यांपूर्वीच बदलून आला असल्यामुळे आपल्या फाटकाबाहेरच्या अम्म दसूकीचा, म्हणजे सर्वांच्या दसूकीकाकांचा, परिचय आपणांस नसावा. हा गृहस्थ अर्जदाराच्या आठवणीप्रमाणे वीस वर्षे स्वतःच्या पत्र्याच्या खोलीतून आग विझवण्याची नळकांडी, प्रथमोपचाराची पेटी, लाल त्रिकोण आणि कंपनीची अस्सल लोखंडी चाके पंधरा मिनिटांच्या भाड्याने देतो. गाडी बाहेर आली की वस्तू परत, पुढची गाडी आत. कफ्र अल-नव्वारमधील रस्ते सुरक्षित आहेत ते या एका पेटीच्या जोरावर. अर्जदाराची चाके पाहून अम्म दसूकी म्हणाला, "उस्ताद, हे मगरीचे पाय घालून आत गेलात तर कागद नाही, नुसता शेरा मिळेल. माझी चाकं चढवा, तुमची मी खोलीत ठेवतो. पोरीचं लग्न आहे, भाड्याचं नंतर बघू."

अर्जदाराने सल्ला मानला. रिंगा मात्र हातरुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवल्या, कारण लोखंडी चाकांना त्या लागत नाहीत आणि अर्जदाराला वस्तू जपून ठेवण्याची खात्यातली सवय आहे. आपल्या तपासनीसांनी चाकांवर बूट आपटून पाहिला आणि खुशीत म्हणाले, "ही आज बाराव्यांदा भेटतायत. तब्येत ठणठणीत आहे त्यांची." गाडी उत्तीर्ण झाली.

प्रमाणपत्र हातात घेऊन अर्जदार फाटकाशी येतो न येतो तोच आपण स्वतः बाहेर आलात आणि भाड्याच्या सामानाचा धंदा बंद करण्याची ती प्रसिद्ध कारवाई झाली. कारवाई योग्यच होती, ती वीस वर्षे उशिरा आणि अर्जदाराच्या अंगावर झाली एवढेच. अम्म दसूकीला पोलीस चौकीत नेण्यात आले. खोलीतले सर्व सामान, अर्जदाराच्या मगरीच्या चार चाकांसह, आपल्या कोठीत नेऊन दारावर लाखेचे सील ठोकण्यात आले. गाडीखालची चार लोखंडी चाके गुन्ह्यातला मुद्देमाल ठरली, म्हणून तीही तिथल्या तिथे काढली. साध्या गाडीला चार चाके लागतात. अर्जदाराची आठ सरकारजमा झाली, आणि गाडी आपल्याच आवारात, आपल्याच बांधकामातून उरलेल्या विटांवर उभी आहे.

यापुढील हकिकत अर्जदार कोणताही राग न धरता नमूद करतो. खिडकी तीन म्हणाली, चाके त्याच गाडीची आहेत असा तपासनीसांचा दाखला आणा. तपासनीस म्हणाले, "गाडीला लावून दाखवा, दाखला लगेच देतो." कोठीवाले म्हणाले, दाखल्याशिवाय सील तोडता येत नाही, मग लावणार कशी. खिडकी पाचवरील मादाम इन्साफ यांनी जप्तीच्या पावतीवर गरुडाचा सरकारी शिक्का नसल्याचे दाखवून दिले आणि शिक्का त्यांच्याच खणात असला तरी किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे असल्याचे सांगितले. शिवाय आवार म्हणजे गाड्यांचा तळ नव्हे, तेव्हा गाडी बुधवारपर्यंत हलवा, असे बजावले. गाडी कशाच्या आधारे हलवावी, असे विचारता त्या म्हणाल्या, "तो तुमचा प्रश्न, उस्ताद. आम्ही फक्त तारीख देतो." खिडकी तीनवरच्या तरुण कारकुनाने कळवळून एक तोडगाही सुचवला. "चाकं मगरीचीच आहेत ना? मग गाडीची नोंद मगर म्हणून करून घ्या. चार चाकं जुळतातच, उरलेली गाडी तेवढी बदलली की झालं." अर्जदार या सूचनेबद्दल आभारी आहे.

एव्हाना बातमी हाज बेदीर यांच्यापर्यंत पोचली. काल त्यांचा फोन आला. "उस्ताद शौकी, जिवाला लावून घेऊ नका. आमची गाढवगाडी आहे ना. तिची दोन्ही चाकं एकाच जातीची आहेत." अर्जदाराला या बोलण्याचे काही वाटले नाही असे नाही, पण ते गिळता आले. नशवाचे बोलणे गिळता आले नाही. ती कपड्यांना इस्त्री करत होती, वर न बघता म्हणाली, "बाबा, आपण चालत जाऊ. हॉल काही लांब नाही." हॉल कालव्याच्या पलीकडे सहा किलोमीटरवर आहे, आणि हे तिला माहीत आहे. बापाची लाज झाकण्यासाठी मुलगी खोटे बोलते तेव्हा बापाला काय होते हे कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही.

आता मूळ मुद्दा. आज सकाळी अर्जदार पाचव्यांदा "उद्या या" ऐकण्यासाठी आला असता, तुतीच्या झाडाखालच्या राखीव सावलीत आपली स्वतःची गाडी उभी असलेली त्याने पाहिली. गाडी त्याच कंपनीची, त्याच जातीची आणि त्याच पांढऱ्या रंगाची, फक्त वयाने लहान. खाली मगरीची अलॉयची चार चाके. अर्जदार बुटाची नाडी बांधायला वाकला आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतून एक निळा डोळा त्याच्याकडे पाहू लागला. कोठीच्या दारावरचे सील मात्र अगदी शाबूत आहे, याबद्दल कोठीवाल्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच.

यात तक्रार मुळीच नाही. मुद्देमाल रस्त्यावर कसा चालतो याची आपण जातीने चाचणी घेत आहात हे अर्जदार समजून आहे. गाडीला दुसऱ्या जातीची चाके लावणे नियमबाह्य आहे हे आपणांस अर्जदाराने सांगावे, असा उद्धटपणा तो करणार नाही. त्याला केवळ एक तांत्रिक बाब निदर्शनास आणायची आहे. रिंगा अर्जदाराच्या खिशात आहेत.

वहीब लेथवाल्याचे म्हणणे असे: "रिंग नसली तर चाक नुसत्या नटांवर लटकतं. गावात फिरा, कळणार नाही. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ऐंशीच्या पुढे मी तरी त्या गाडीत बसणार नाही." आपण दर बुधवारी बैठकीसाठी मुख्य कचेरीला जाता, आणि तो रस्ता सबंध कालव्याच्या काठाने जातो, हे सर्वज्ञात आहे. उद्या बुधवार आहे. वळणावरच्या पुलापाशी पाण्याची खोली किती आहे, याची नोंद अर्जदाराच्याच हस्ताक्षरात खात्याच्या दप्तरी आहे. ती येथे देऊन आपली चिंता वाढवण्याची त्याची इच्छा नाही. उद्या आपण गाडी नेऊ नये, नेलीच तर हळू न्यावी, ही मात्र त्याची मनापासूनची विनंती आहे.

सबब प्रार्थना की, एकतर मगरीची चारही चाके अर्जदाराच्या गाडीला लावण्याची परवानगी मिळावी. जॅक, पाना आणि मनुष्यबळ अर्जदार स्वतः आणील. शिक्क्याची आवश्यकता नाही.

ते नियमात बसत नसेल, तर चाके आहेत तिथेच राहू द्यावीत आणि आपली गाडी, आपणांसह, गुरुवारी सायंकाळी सहा वाजता नशवा जिथे सजायला बसणार आहे त्या केशभूषेच्या दुकानासमोर हजर राहावी. रिबिनी आणि फुले तयार आहेत. हाज बेदीर यांना दोन पांढऱ्या गाड्यांतला फरक कळणार नाही, फक्त मागच्या बंपरला तो लहान बूट टांगण्याची मुभा असावी. या पर्यायात रिंगा त्याच जागी विनामूल्य बसवून मिळतील. मुलगी पाठच्या सीटवर बसणार असल्याने त्या नीट बसवल्या जातील, याबद्दल आपण निश्चिंत असावे.

आपल्याच विटांच्या आधाराने तग धरून असलेला,
आपला नम्र,

(सही)
शौकी अब्दुल-बाकी झगलूल
मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर

सोबत:
१) लग्नपत्रिका, एक. सहकुटुंब.
२) रिंग, एक, पुढच्या डाव्या चाकाची. उरलेल्या तीन गुरुवारी.