देवाची शपथ आणि शेटजींचं गहाणखत

जुन्नर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८२९

विधवा बहीण भागूसाठी विकत घेतलेल्या घरात आज पहिली चूल पेटवली. दूध उतू जात होतं, तोच बाजारातले शेटजी दारात.

"अण्णा, हे घर माझ्याकडं गहाण हाय. इकणाऱ्यानं सांगितलं न्हाई?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "त्यानं लेण्याद्रीच्या गणपतीपुढं शपथ घेतली व्हती, घर मोकळं हाय म्हणून!"

"राव, गहाणखत गणपतीकडं नोंदवत्यात व्हय? कचेरीत इचारायचं!"

विचारणार होतो. पण शपथ घेतलेल्या माणसावर अविश्वास कसा दाखवावा, म्हणून मीच लाजलो. देवापुढं खोटं? लेण्याद्रीच्या गणपतीपुढं?

भागू हळूच म्हणाली, "दादा, चूल इझवू का?"

"नको," म्हणालो. कोणत्या हक्कानं म्हणालो, कोण जाणे.