चंद्राला ओवाळलेत, ठीक, पण पाट?

शिक्रापूर,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

दौंडमंडलाधीश्वरी, करंजीकलाकोविदा, कनिष्ठबंधुकर्णपीडनाधिकारिणी तीर्थरूप रत्नाताई यांचे चरणी भाडोत्रीखोलीनिवासी हौसरावाचा साष्टांग दंडवत.

माझी प्रकृती उत्तम आहे. कंपनीने मिठाईही दिली. आपला गुडघा कसा आहे?

मामींच्या फोनवरून कळले की, भाऊ नसलेल्या बाईने ओवाळावे तसे आपण काल चंद्राला ओवाळलेत. आईच्या वर्षश्राद्धातील वादापासून आपण माझ्याशी बोलत नाही, हे मान्य. परंतु अस्मादिक अद्यापि हयात आहेत, एवढेच सविनय निवेदन.

शेजारच्या चांदभाईंना सांगितले, तर म्हणाले, "ताईस्नी चांदालाच ववाळायचं व्हतं, तर मी हाय की! मला धाडा दौंडला." आम्ही पुष्कळ हसलो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विषय बदलला.

आपण याल म्हणून नवा पाट आणला होता. सायंकाळी स्नान करून, टोपी घालून त्यावर बसलो. द्वितीयेचा चंद्र लवकर मावळला. मला मात्र उठवेना.

आपला, तूर्त हयात,
हौसराव

ता. क. पाटाचा एक पाय आखूड निघाला. दुकानदार परत घेत नाही. म्हणतो, "वापरल्याला हाय."